ईआर पॉझिटिव्ह रिपोर्ट आल्यावर: हार्मोनच्या गोळ्यांची पाच वर्षं कशी निभवायची

ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक (रेडिएशन) झाले. शेवटच्या भेटीत डॉक्टर एक छोटी चिठ्ठी देतात: रोज एक गोळी, पाच वर्षं. घरातल्यांना वाटतं, मोठं दुखणं संपलं, आता हे काहीतरी ताकदीचं औषध उरलंय. आणि तिथेच घोळ होतो. इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात ही गोळी मागाहून दिलेली टॉनिकची बाटली नाही. पुष्कळ बायकांच्या बाबतीत रोग परत न येण्यात तिचा वाटा केमोपेक्षाही मोठा असतो. ती स्वस्त आहे, घरी बसून घेता येते, केस गळून टक्कल पडत नाही, म्हणून तिचं वजन कळत नाही इतकंच.

हा लेख ज्यांना नुकतीच अशी चिठ्ठी मिळाली आहे त्यांच्यासाठी आहे, आणि आईची किंवा मावशीची फाइल बगलेत घेऊन ओपीडीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलामुलींसाठीही. डोस आणि गोळीची निवड डॉक्टरच करणार. पण त्यांच्याकडे पाच-सात मिनिटं असतात, तुमच्याकडे पाच वर्षं. त्या पाच-सात मिनिटांत काय विचारायचं हे आधी ठाऊक असलेलं बरं.

पायरी १: रिपोर्टमधल्या तीन ओळी शोधा

बायोप्सीच्या किंवा ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये ‘आयएचसी’ (पेशी रंगवून करायची तपासणी) असा भाग असतो. तिथे ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं सापडतील. ईआर म्हणजे कर्करोगाच्या पेशींवर इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे रिसेप्टर आहेत का याचं उत्तर. पीआर हे प्रोजेस्टेरॉनचं. हर-टू हे पेशींवरचं एक प्रथिन. त्याचा मामला वेगळा, त्याची औषधंही वेगळी. मात्र ईआर आणि हर-टू दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर दोन्हींची औषधं मिळतात, हे लक्षात असू द्या.

ईआरपुढे बहुधा टक्के लिहिलेले असतात. १% किंवा त्याहून जास्त पेशी रंगल्या तर पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्क्यांमधल्या रिपोर्टला ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात. तिथे गोळीचा फायदा किती होईल याची खात्री कमी असते, म्हणून डॉक्टरांशी सविस्तर बोला. काही लॅब टक्क्यांऐवजी ‘ऑलरेड स्कोर’ देतात. तो ० ते ८ असतो आणि ३ पासून पुढे पॉझिटिव्ह. आकडा शून्य असेल तर या गोळ्यांचा उपयोग नाही. ‘शेजारच्या काकूंना दिली, मग आमच्या आईला का नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या एका ओळीत असतं.

रिपोर्टमध्ये ईआर नसेलच तर तपासणी मागून घ्या. गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो, त्यावर नंतरही ती करता येते. ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून ताब्यात घेऊन फाइलसोबत ठेवण्याची सवय लावा. मोठ्या रुग्णालयात दुसरं मत घ्यायला गेलात की पहिल्यांदा तेच मागतात.

पायरी २: गोळी करते काय, हे एकदा समजून घ्या

इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं नेहमीचं हार्मोन. ईआर पॉझिटिव्ह पेशी त्याच्या जोरावर वाढतात. १८९६ मध्ये ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात बीजकोश, म्हणजे अंडाशय, काढून पाहिले आणि गाठी ओसरल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलं. इस्ट्रोजेन हे नाव तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं. आजच्या औषधांमागचा विचार तोच आहे, फक्त वाटा दोन झाल्या.

पहिली वाट टॅमोक्सिफेनची. हे औषध इस्ट्रोजेन कमी करत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं ते रिसेप्टरवर आधीच जाऊन बसतं. इस्ट्रोजेन रक्तात असतं, पण त्याला त्या पेशीवर जागा मिळत नाही. गंमत म्हणजे हे औषध इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत १९६२ मध्ये तयार झालं ते गर्भनिरोधकाच्या शोधात. त्या कामात ते सपशेल फसलं. उलट बायकांमध्ये त्यानं बीज सुटायला मदत होते असं दिसलं. पुढे १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत ते स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं.

दुसरी वाट लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन यांची. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं थांबवतात, पण शरीरातली चरबी, स्नायू वगैरे ठिकाणी अरोमाटेज नावाचं एन्झाइम ते थोडं थोडं बनवत राहतं. या गोळ्या ते एन्झाइम बंद पाडतात, म्हणून त्यांना अरोमाटेज इन्हिबिटर किंवा नुसतं ‘एआय’ म्हणतात.

पायरी ३: पाळीबद्दल खरं आणि पूर्ण सांगा

माझ्या मते सगळ्यात जास्त गडबड या पायरीवर होते, म्हणून इथे जरा थांबू.

अंडाशय चालू असताना एआय एकटी दिली तर ती काम करत नाही. इतकंच नव्हे, इस्ट्रोजेन घटल्याचा संदेश मेंदूला जातो आणि तो अंडाशयाला आणखी जोरात कामाला लावतो. मूल होत नाही म्हणून गेलेल्या बाईला स्त्रीरोगतज्ज्ञ काही दिवस लेट्रोझोल देतात ते याच कारणासाठी. इंटरनेटवर ‘लेट्रोझोल’ शोधल्यावर वंध्यत्वाची पानं का येतात, याचा उलगडा आता होईल. तेव्हा पाळी खरोखर गेली आहे की नाही, यावर अख्खी निवड अवलंबून असते.

आणि आपल्याकडे हा प्रश्न सोपा नाही. ‘माझी पिशवी काढलीय’ असं कितीतरी बायका सांगतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं कमी वयात काढली जात असल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, इतकी ही गोष्ट सार्वत्रिक आहे. पण पिशवी काढली म्हणजे रक्तस्राव थांबला. अंडाशय जागेवर असतील तर इस्ट्रोजेन पहिल्यासारखंच बनत राहतं. चाळिशीतल्या अशा बाईला ‘पाळी येत नाही’ एवढ्या उत्तरावर लेट्रोझोल सुरू झालं, तर ती रोज नेमानं निरुपयोगी गोळी गिळत असेल. म्हणून जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर अंडाशय एक काढलं, दोन्ही काढली की ठेवली हे लिहिलेलं असतं. कार्ड हरवलं असेल तर तसं सांगा. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीवरून अंदाज घेता येतो.

दुसरा सापळा केमोचा. केमोत पाळी थांबते, पण चाळिशीच्या आतबाहेरच्या बायकांमध्ये ती कित्येक महिन्यांनी परत येऊ शकते. तिसरा सापळा टॅमोक्सिफेनचाच. ते चालू असताना पाळी अनियमित होते किंवा थांबते, पण ती गेलेली असतेच असं नाही. ढोबळ नियम असा: वय ६० किंवा जास्त असेल, किंवा दोन्ही अंडाशय काढलेले असतील, तर पाळी गेली असं धरतात. साठीच्या आत असाल तर केमो, टॅमोक्सिफेन किंवा पाळी थांबवणारं इंजेक्शन चालू नसताना सलग १२ महिने पाळी आलेली नसावी लागते, आणि एफएसएच व इस्ट्राडायोल या रक्ततपासण्याही जुळाव्या लागतात. एआय चालू असताना पाळी आली, नुसता डाग जरी दिसला, तरी पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा.

पायरी ४: चिठ्ठीवरचं नाव ओळखा

पाळी चालू असेल तर सहसा टॅमोक्सिफेन, रोज २० मिलिग्रॅम. रोगाचा धोका जास्त असेल, वय पस्तिशीच्या आत असेल किंवा केमो द्यावी लागली असेल, तर अंडाशय झोपवणारं इंजेक्शन जोडतात: गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली, किंवा ल्युप्रोलाइड. त्याच्या जोडीला टॅमोक्सिफेन किंवा एआय. या इंजेक्शनची तारीख लांबवू नका, कारण मधल्या काळात अंडाशय जागे होतात. दर महिन्याला तालुक्याहून शहरात येणं झेपत नसेल तर दुर्बिणीतून अंडाशय काढण्याचा पर्याय विचारा. कायमचा निर्णय आहे, मुलं हवी असतील तर नाहीच, पण ज्यांचं कुटुंब पूर्ण झालंय त्यांना खर्च आणि खेपा दोन्ही वाचवतो.

पाळी गेली असेल तर बहुधा एआय: लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, अ‍ॅनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम किंवा एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम, यांतली एकच, रोज. तिघींची ताकद जवळपास सारखी. आकडे लहान म्हणून औषध हलकं असं समजू नका. पाळी गेलेल्या बायकांमध्ये एआय टॅमोक्सिफेनपेक्षा रोग परत येण्याचं प्रमाण आणखी थोडं कमी करते. तरीही हाडं फारच ठिसूळ असतील किंवा एआय सोसत नसेल तर टॅमोक्सिफेन हा उत्तम पर्याय आहे.

स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो आणि त्यांच्यातला बहुतेक ईआर पॉझिटिव्हच असतो. त्यांनाही टॅमोक्सिफेन देतात. रोग हाडांत, यकृतात पसरलेला असेल तर गोष्ट निराळी. तिथे एआय किंवा फुलवेस्ट्रंटची कमरेखाली घ्यायची इंजेक्शनं, आणि त्यांच्यासोबत पाल्बोसायक्लिब, रायबोसायक्लिब किंवा अ‍ॅबेमासायक्लिब अशी औषधं असतात. ती घेताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी वारंवार तपासाव्या लागतात. शेवटची दोन औषधं आता पसरण्याचा धोका जास्त असलेल्या सुरुवातीच्या रोगातही काही जणींना देतात. रोग पसरलेला असताना ‘पाच वर्षं’ हा हिशेब नसतो. औषध काम करतंय तोवर ते चालू ठेवतात.

पायरी ५: पहिली गोळी घेण्याआधी

डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगा: पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली होती का, पक्षाघात झाला होता का, पिशवीच्या अस्तराचा काही आजार होता का, घरात कुणाचं हाड साध्या पडण्यानं मोडलंय का. टॅमोक्सिफेनमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो, आणि एआयमुळे हाडं झिजतात. एआय सुरू करण्याआधी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि व्हिटॅमिन डी बघून घ्या. आपल्याकडे इतकं ऊन असूनही व्हिटॅमिन डी कमी निघणं अगदी नेहमीचं आहे.

टॅमोक्सिफेन सहसा केमो चालू असताना देत नाहीत, ती संपल्यावर सुरू करतात. शेक चालू असताना द्यायचं की नंतर, हे डॉक्टर ठरवतात.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. विशेषतः उदासीनतेच्या गोळ्या. टॅमोक्सिफेनचं यकृतात एंडॉक्सिफेन या जास्त जोरदार रूपात रूपांतर होतं, आणि पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन, ब्युप्रोपिऑन ही औषधं ते रूपांतर अडवतात. यांतलं काही चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. मानसोपचारतज्ज्ञ पर्यायी औषध देऊ शकतात, वेन्लाफॅक्सिन हे त्यांतलं एक.

पायरी ६: रोजच्या सवयीत बसवा

वेळ कोणतीही चालते, पण एकच ठरवा. सकाळच्या चहाबरोबर किंवा रात्री दात घासल्यावर. एक्झेमेस्टेन तेवढी जेवणानंतर घ्या, बाकीच्यांना अन्नाचं बंधन नाही. उपवासाच्या दिवशी गोळी चुकवायची गरज नाही. संकष्टी असो की नवरात्र, घोटभर पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीनं उपवास मोडतो असं मानणाऱ्यांनी ती फराळाच्या वेळी घ्यावी.

भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये रोजच्या चौकोनात पेन्सिलची एक रेघ मारत गेलात तर ‘आज घेतली की नाही’ हा घोळ होत नाही. मोबाइलच्या गजरापेक्षा मला ही पद्धत आवडते, कारण घरातल्या इतरांच्याही नजरेला पडते. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या. दुसरा दिवस उजाडला असेल तर सोडून द्या, एकदम दोन घेऊ नका. टॅमोक्सिफेन शरीरात बरेच दिवस टिकतं, त्यामुळे एका चुकलेल्या गोळीनं काही बिघडत नाही. बिघडतं ते महिनोन्‌महिने चुकल्यावर.

मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली तर घाबरू नका, पण पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहा. टॅमोक्सिफेन १० मिलिग्रॅममध्येही मिळतं. शेवटची पट्टी उघडली की नवीन आणायची, हा नियम ठेवा. लहान गावात मागवून घ्यावी लागते आणि दिवाळीच्या आठवड्यात तीही मिळत नाही.

पायरी ७: त्रास होईल तेव्हा

त्रास सगळ्यांना होतोच असं नाही, पण होतो तेव्हा बायका बहुतेक वेळा गप्प बसतात. जीव वाचला हेच खूप, आता सांधे दुखतात म्हणून कुठे तक्रार करायची, असं त्यांना वाटतं. मग एके दिवशी गोळी गुपचूप बंद होते आणि डॉक्टरांना वाटत राहतं की ती चालू आहे. हे होऊ देऊ नका. जवळजवळ प्रत्येक त्रासावर काहीतरी करता येतं, आणि अगदीच जमलं नाही तर गोळी बदलता येते.

अंगातून वाफा निघणं, एकदम घाम फुटणं, रात्री चादर भिजणं हा दोन्ही प्रकारच्या गोळ्यांचा त्रास आहे, टॅमोक्सिफेनमध्ये जरा जास्त. पहिल्या काही महिन्यांत तो जोरात असतो आणि पुष्कळ जणींना पुढे कमी होतो. सुती कपडे, तिखट आणि गरम चहा कमी, झोपताना पंखा हे करून पाहा. झोपच उडत असेल तर वेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन किंवा ऑक्सिब्युटिनिन यांनी फरक पडतो. ही चिठ्ठीची औषधं आहेत, परस्पर घेऊ नका.

सांधेदुखी हा एआयचा खास त्रास. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, गुडघे धरतात, थोडं हललं की सुटतात. बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुरू होतो. सर्वांत खात्रीचा उपाय आहे चालणं, आणि तोच सर्वांत कमी केला जातो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस हलकी वजनं उचलणं, याचा सांधेदुखीवर उपयोग होतो हे प्रयोगांत दिसलं आहे. धुणंभांडी हा व्यायाम नव्हे, कितीही घाम आला तरी. दुखणं तरीही सोसवत नसेल तर डॉक्टर दोन-चार आठवडे गोळी थांबवतात आणि दुसरी एआय देऊन पाहतात. एक न सोसलेल्या अनेक जणींना दुसरी सोसते. एक मात्र वेगळं ओळखा: एकाच जागी, वाढत जाणारं, रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं हे गोळीचं म्हणून सोडून देऊ नका, दाखवा.

हाडांसाठी आहारासकट दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं. दूध, दही, नाचणी, तीळ यांतून बरंच मिळतं, उरलेलं गोळीनं. पाळी गेलेल्या बायकांना दर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाइन देतात. त्यानं हाडं टिकतात आणि हाडांत रोग परतण्याचा धोकाही थोडा कमी होतो. ते घेण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन यायला हवं. दात काढायचा असेल तर आधीच काढून घ्या, कारण नंतर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो.

योनीचा कोरडेपणा, जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणं यावर कुणी बोलत नाही, डॉक्टरही विचारत नाहीत. तुम्ही विचारा. हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर आणि पाण्याचा आधार असलेली जेल मिळतात, सुरुवात त्यांनीच करायची. इस्ट्रोजेनचं मलम कुणी लिहून दिलं तर कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नका, एआय चालू असताना तर मुळीच नाही. टॅमोक्सिफेनमध्ये उलट पांढरं जाणं वाढतं, ते बहुधा निरुपद्रवी असतं.

लगेच दवाखाना गाठायचा तो यासाठी: एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, नजर धूसर होणं. आणि टॅमोक्सिफेनवर असताना पाळी गेल्यानंतर झालेला कोणताही रक्तस्राव. टॅमोक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण पिशवीच्या अस्तरावर स्वतःच थोडं इस्ट्रोजेनसारखं वागतं. त्यामुळे तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो, मुख्यतः पंचावन्नच्या पुढे. एकूण धोका लहान आहे आणि फायदा त्याहून खूप मोठा, पण रक्तस्राव दिसला की तपासणी हवीच.

पायरी ८: काय टाळायचं

गौरी-गणपतीला, लग्नाला, सत्यनारायणाला पाळी येऊ नये म्हणून मेडिकलमधून आणायच्या ‘पाळी लांबवायच्या’ गोळ्या. त्या हार्मोनच्या असतात. ज्या बाईला हार्मोनवर वाढणारा कर्करोग झाला आहे तिनं त्या घेऊ नयेत, घरातल्या वडीलधाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी कुणी ‘एचआरटी’, म्हणजे बाहेरून हार्मोन देण्याचे उपचार, सुचवली तर तिलाही नाही म्हणा.

शतावरी कल्प बाईच्या तब्येतीला चांगला म्हणून सर्रास दिला जातो. शतावरीत इस्ट्रोजेनसारखा परिणाम करणारी द्रव्यं असल्याचं मानतात, म्हणून या आजारात तो बाजूला ठेवावा. सोयाबीनची भाजी, टोफू जेवणात असायला हरकत नाही, पण सोया आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल नकोत. हळदीचंही असंच. आमटीतली हळद बेलाशक खा. मात्र मिरीच्या अर्कासह मिळणाऱ्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलनी टॅमोक्सिफेनच्या कामाच्या रूपाचं रक्तातलं प्रमाण घटतं असं २०१९ मधल्या एका डच अभ्यासात दिसलं. वैद्यांचं औषध चालू असेल तर त्यांना कर्करोगाच्या गोळीचं नाव सांगा, आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना काढ्याचं. दोघांपैकी एकापासून लपवणं सर्वांत वाईट.

मोठं ऑपरेशन, गुडघा बदलणं वगैरे ठरलं तर भूलतज्ज्ञाला टॅमोक्सिफेनबद्दल आधीच कळवा, रक्तात गुठळ्या होण्याच्या धोक्यामुळे ते काही दिवस थांबवावं लागू शकतं. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईबाबतही हा विचार हवा. लांबच्या विमानप्रवासात उठून चालायचं, पाणी प्यायचं, पायमोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारायचं. गोळ्या मूळ पट्टीत, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा.

पायरी ९: मूल हवं असेल तर

टॅमोक्सिफेन चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला इजा होऊ शकते. पाळी येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, बीज सुटू शकतं. तांबी किंवा कंडोम वापरा. ज्यांना मूल हवं आहे त्यांच्यासाठी २०२३ मध्ये एक दिलासा देणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेचाळिशीच्या आतल्या बायकांनी १८ ते ३० महिने गोळ्या घेतल्यावर, गरोदरपणासाठी दोन वर्षांपर्यंत थांबून पाहिलं. त्या काळात रोग परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पुढच्या अनेक वर्षांचं चित्र अजून यायचं आहे. हा निर्णय मनाने न घेता डॉक्टरांबरोबर तारखा ठरवून घ्यायचा, आणि बाळ झाल्यावर गोळ्या पुन्हा सुरू करायच्या. केमोआधीच स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याबद्दल विचारता आलं तर उत्तम.

पायरी १०: खर्च आणि फेऱ्या

टॅमोक्सिफेन आणि एआय दोन्ही जेनेरिकमध्ये मिळतात आणि महिन्याचा खर्च पुष्कळ घरांना झेपेल असा असतो. जनऔषधी केंद्रात आधी विचारा. गोसेरेलिनची इंजेक्शनं मात्र महाग पडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. तुमच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, आणि नेमकं विचारा की हार्मोनची गोळी किंवा इंजेक्शन पॅकेजमध्ये आहे का, किती महिन्यांचं. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकही असतात, मदतनिधींचे रस्ते त्यांना माहीत असतात.

दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट, वर्षातून एकदा मॅमोग्राफी, एआयवर असाल तर डेक्सा साधारण दोन वर्षांनी. एवढं बहुतेकींना पुरतं. काही त्रास नसताना दरवर्षी पेट स्कॅन आणि ट्यूमर मार्कर करून घेण्यानं आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही, पैसे आणि झोप मात्र जाते. टॅमोक्सिफेनवर रक्तस्राव नसताना दर सहा महिन्यांनी पिशवीची सोनोग्राफी करणंही तसंच. या औषधानं अस्तर जाड दिसणं नेहमीचं असतं, आणि त्या एका ओळीपायी विनाकारण क्युरेटिंग किंवा पिशवी काढण्यापर्यंत गोष्ट जाते.

पायरी ११: पाच वर्षं भरत आल्यावर

पाच वर्षं टॅमोक्सिफेन घेतल्यानं रोग परतण्याचं प्रमाण पहिल्या पाच वर्षांत जवळपास निम्मं होतं, पुढची पाच वर्षं सुमारे एक तृतीयांशानं कमी राहतं आणि पंधरा वर्षांत या रोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात. गोळी थांबल्यावरही तिचा फायदा मागे राहतो, असा याचा अर्थ. पण ईआर पॉझिटिव्ह रोगाची खोड अशी की तो दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. म्हणून काखेतल्या गाठींत रोग होता, गाठ मोठी होती अशांना पुढेही चालू ठेवायला सांगतात: टॅमोक्सिफेन दहा वर्षांपर्यंत, किंवा मध्ये पाळी गेली असेल तर टॅमोक्सिफेननंतर एआय. गाठ लहान, काखेत काही नाही, हाडं ठिसूळ, वय सत्तरच्या पुढे, अशा बाईला पाच वर्षांवर थांबणं शहाणपणाचं ठरू शकतं. चौथ्या वर्षाच्या शेवटी हा विषय स्वतःहून काढा, कारण पाचवं भरलं की चिठ्ठी कधीकधी नुसत्या सवयीनं पुढे सरकते, नाहीतर नुसत्या सवयीनं बंद होते.

थांबवायचं ठरलं तर गोळी हळूहळू कमी करावी लागत नाही, एका दिवसात बंद करता येते. घाम आणि सांधेदुखी ओसरायला काही आठवडे ते महिने लागतात. मॅमोग्राफी दरवर्षी चालूच राहते, आणि फाइल, ब्लॉक, स्लाइड जपून ठेवायच्या.